सोमवारी तवा भिंतीला

(सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी झाली असतील. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी ज्वारी निवडायला घेतली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका. गटात आम्ही अकराजणी. त्यातल्या नऊजणी मिळून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकतो. माईकसमोर एकटीच बसली आहे, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी बैठकीत ठरवून दिलंय, म्हणून सगळं ‘आम्ही’ म्हणूनच सांगणार आहोत.

आम्हाला बोलावलं की लोक विचारतात, धंदा वाढवला कसा? आज आम्ही उलटं सांगणार आहोत. धंद्याला कुंपण घातलं कसं, ते. शेताला बांध असतो, घराला उंबरा असतो. आमच्या कामालाच तेवढा कुठे काठ नव्हता.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. कडक भाकरी म्हणजे काय हे सोलापूरकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्या मैत्रिणीही ऐकत असतील. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग निखाऱ्याच्या धगीला उभी लावून पार कुरकुरीत होईपर्यंत सुकवायची. नीट सुकली तर कित्येक दिवस टिकते. घाई केली आणि आत ओल राहिली, तर पाकिटात मऊ पडते आणि मग तिला कुत्रं विचारत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे देव. फोन वाजला की आम्ही ‘हो’ म्हणायचो. रात्री अकराला फोन आला, हो. उद्या सकाळी दोनशे पाहिजेत, हो. दोन रुपये कमी करा, हो. पाहुण्यातलाच आहे, पैसे नंतर देतो, हो. फोन आमच्या अध्यक्ष ताईंचा. तो उशाशी असायचा, चुलीपाशी असायचा, न्हाणीघराच्या कट्ट्यावरसुद्धा असायचा. सहीला बँकेत त्याच, हिशेबाला त्याच, मालाला बाजारात त्याच. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. ‘ताई किती करतात’ म्हणायचो आणि आणखी एक काम त्यांच्या गळ्यात टाकायचो. मैत्रिणींनो, यात ताईंची जेवढी चूक, तेवढी आमची आहे.

मग ती मोठी ऑर्डर आली. लग्नात पाहुण्यांना द्यायला दोन हजार कडक भाकरी, चार दिवसांत. रोजचं गिऱ्हाईक होतंच. म्हणजे दिवसा रोजचं काम आणि रात्री ही ऑर्डर. नऊजणी, चार रात्री, रोज चार-चार तास. तिसऱ्या रात्री, पहाटे तीनचा सुमार असेल, थापता थापता एका वहिनीचा डोळा लागला आणि तळहात तापल्या तव्यावर टेकला. ओरडायलासुद्धा तिला क्षणभर सुचलं नाही. हात पाण्यात धरला, सकाळी दवाखान्यात नेलं. आणि खरं सांगतो, लाज वाटते सांगायला, पण तिला रिक्षात बसवल्यावर आमच्यातल्या एकीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘आता तिच्या वाटच्या भाकरी कोण करणार?’

ऑर्डर पोहोचली. त्यातल्या तीनशे भाकरी परत आल्या. मऊ पडल्या होत्या. सुकायला वेळ दिलाच नव्हता.

पुढच्या बैठकीत वही काढली. तो हिशेब तुम्हालाही ऐकवतो, कारण आमचे डोळे तिथेच उघडले. आमचा नेहमीचा भाव एका भाकरीला १० रुपये. मोठी ऑर्डर म्हणून दिली ८ रुपयांना. पीठ, जळण, पाकीट, गाडीभाडं धरून खर्च साडेपाच रुपये. राहिले अडीच. दोन हजार भाकरींचे झाले ५,००० रुपये. तीनशे परत आल्या, त्यांचे २,४०० गेले. राहिले २,६००. वहिनीच्या दवाखान्याला ९०० लागले. राहिले १,७००. भागिले नऊ. चार रात्रींचे माणशी १८८ रुपये आणि वर काही पैसे. एक दिवस खुरपायला गेलो असतो तर याहून जास्त मिळाले असते आणि रात्री झोप मिळाली असती.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. अध्यक्ष ताईंची मुलगी दहावीला आहे. तिनं गटाच्या नंबरवर निरोप पाठवला, ‘दोन भाकरी पाहिजेत. ताज्या. घरपोच. पैसे रोख देईन.’ ताईंनी नेहमीप्रमाणे ‘हो, पत्ता पाठवा’ म्हणून उत्तर दिलं. पत्ता आला तो त्यांच्याच घराचा. पोरगी रागावली नव्हती, हसतच होती. पण ताई बैठकीत हे सांगताना रडल्या. म्हणाल्या, ‘मला आता भाकरीचा वास आला की नको वाटतं. तुमची तोंडंसुद्धा नको वाटतात. गटाचं पद दुसरीला द्या, नाहीतर मी गटच सोडते.’

आम्ही गप्प बसलो. नुसतं दमणं आम्हाला नवीन नाही. सुगीत दमतो, लग्नघरात दमतो, दोन रात्री झोपलो की अंग परत उभं राहतं. हे तसं नव्हतं. हा जीव उबगला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या यादीत या अवस्थेची नोंद केली. आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. कामाचा ताण फार दिवस चालला आणि त्याचा बंदोबस्त झाला नाही की ही अवस्था येते, असं तिथे म्हटलंय. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत. एक, अंगातलं सगळं बळ संपल्यासारखं वाटणं. दोन, कामाबद्दल मन तुटणं, कडवटपणा येणं. तीन, आपल्या हातून आता नीट काही होत नाही असं वाटणं. आमच्या ताईंना तिन्ही होत्या. आणि खोटं कशाला बोलू, आम्हा बाकीच्यांनाही एक-दोन होत्याच.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. सतत थकवा म्हणजे नेहमी कामाचाच ताण, असं धरून बसू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणून आमच्या आशाताईंच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्याजणी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून आलो. चौघींचं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. आणि झोप येत नाही, रडू आवरत नाही, जगणं नको वाटतं असं कुणाला होत असेल तर ‘टेलि-मानस’ची सरकारी फोनसेवा आहे. नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या. तुम्हाला नाही तर शेजारणीला लागेल.

आता आम्ही काय केलं ते. गटाची पंचसूत्री तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेबाची वही. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. त्या पाचांच्या शेजारी आम्ही कामाचे आणखी पाच नियम वहीत लिहिले आणि खाली अकराजणींनी सह्या केल्या.

पहिला नियम फोनचा. गटाला वेगळा, साधा फोन घेतला. तो सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालू. सहाला बंद करून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा आणि झाकण लावायचं. फोनची जबाबदारी दर महिन्याला बदलते आणि जिच्याकडे ती असते तिला त्याचे महिन्याला ३०० रुपये मिळतात. फोन घेणं, नोंद ठेवणं, ऐकून घेणं हेसुद्धा काम आहे. ते ताई इतके दिवस फुकट करत होत्या.

दुसरा नियम आकड्याचा. घड्याळ लावून मोजलं. थापण्यापासून सुकवण्यापर्यंत सगळं नीट करायचं तर एका बाईच्या हातून तासाला पंधरा भाकरी होतात. दिवसाचे चार तास धरले तर साठ. नऊजणींच्या ५४०. पण आम्ही दिवसाची हद्द ठेवली ४५०. नव्वद भाकरींची, म्हणजे दीड बाईच्या कामाची जागा मोकळी ठेवली. एखादीला ताप येतो, एखादीची पाळी असते, एखादीच्या घरी पाहुणा येतो. हे काही अचानक येणारं संकट नव्हे, हे दर आठवड्याला होतं. मग ते आधीच धरून चालायला नको का?

तिसरा नियम ‘हो’ म्हणण्याचा. शंभरावरची ऑर्डर दोन दिवस आधी सांगितली तरच घ्यायची. घाईची असेल तर फोनवरची बाई एकटी ‘हो’ म्हणणार नाही. ती म्हणते, ‘गटाला विचारून तासाभरात सांगते.’ ‘हो’ म्हणायचा हक्क एकटीला नाही आणि ‘मला जमणार नाही’ म्हणायचा हक्क प्रत्येकीला आहे. भाव १० रुपयांच्या खाली नाही. पाहुण्यालाही नाही.

चौथा नियम हंगामाचा. भोगी-संक्रांतीला तिळाच्या बाजरीच्या भाकरीला मागणी असते, लग्नसराई असते. तेव्हा आकडा पाळायचा म्हटलं तरी पाळला जात नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी करून पाहिलं आणि नियम मोडला. म्हणून नियमातच सुधारणा केली. वर्षातून दोनदा, दोन-दोन आठवडे जास्त काम करायचं, पण रात्री नऊनंतर चूल पेटणार नाही. आणि हंगाम संपला की तीन दिवस सगळं बंद.

पाचवा नियम सोमवारचा. सोमवारी काम बंद. सोमवारच का, तर बऱ्याच घरी उपास असतो, मागणी मुळात कमी. आमच्यातल्या आक्का म्हणाल्या, तवा पालथा घालू नका गं, अशुभ असतं. मग तवा भिंतीला उभा टेकवून ठेवायचा असं ठरलं. आता गावात कुणी विचारलं की पोरंसुद्धा सांगतात, आज तवा भिंतीला आहे.

सुट्टीचं नाव काढल्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, ‘सुट्टी ही नोकरदारांची चैन. आपल्याला कोण देणार?’ तेव्हा आमच्या गटातल्या एका शिक्षकाच्या बायकोनं सांगितलेली गोष्ट आम्हाला पटली. नोकरदारांनाही ती कुणी आयती दिली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कामगार एकत्र केले. १८९० च्या एप्रिलमध्ये मोठी सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार बायकांनी उभं राहून भाषणं केली. १८९० साली! त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोघींना मालकापाशी सुट्टी मागावी लागली. आमच्या धंद्याच्या मालकीण आम्हीच. मग आम्ही कुणाकडे मागायची?

आणि बैलाला पोळ्याचा दिवस आहेच की. आदल्या दिवशी खांदे मळतो, त्या दिवशी जू ठेवत नाही. आमच्या खांद्यांची वर्षातून एकदा तरी कुणी विचारपूस केली होती का?

पण मैत्रिणींनो, सुट्टीला खरा विरोध केला तो आमच्यातल्या एका एकल बाईनं, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती म्हणाली, ‘तुमच्या घरात दुसरी कमाई आहे. माझ्या घरात मीच. तुमची सुट्टी म्हणजे माझी उपासमार.’ या वाक्यावर बैठक दोन वेळा उठली. शेवटी तोडगा निघाला तो असा. पाकिटं भरणं आणि शिक्के मारणं हे बसून करायचं काम आहे. त्याची मजुरी वेगळी काढली आणि ते काम आधी तिला विचारायचं ठरलं. सोमवारी तीही चुलीपुढे बसत नाही. तिचं नुकसान पूर्ण भरून निघालं असं आम्ही म्हणणार नाही. पण तिचा प्रश्न ऐकला नसता तर आमचा नियम म्हणजे चार जणींची सोय झाली असती. तुमच्या गटात असं काही ठरवाल तेव्हा जिला सुट्टी सगळ्यात महाग पडणार आहे, तिला आधी बोलू द्या.

नियमांची किंमत आम्ही मोजली, तीही सांगतो. एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. ‘रात्री फोन उचलत नाही, मग धंदा कशाला करता?’ असं म्हणून गेलं. पहिले दोन महिने हातात पैसे कमी आले आणि बैठकीत एकमेकींची तोंडं बघत बसलो. तिसऱ्या महिन्यापासून माल परत येणं जवळजवळ थांबलं, कारण भाकरी सुकायला वेळ मिळू लागला. आठ रुपयांची गिऱ्हाइकं गेली, दहाची राहिली. धीर सुटायचा तेव्हा आम्ही एकमेकींना लिज्जत पापडाची गोष्ट सांगायचो. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. चार महिने! त्यानं लिज्जत बुडालं नाही. आपण आठवड्यातला एक दिवस थांबायला भितो.

आता घरचा मुद्दा. गटाचं काम सहाला संपवलं आणि घरी सहा ते अकरा राबलो, तर कुंपण कुठे राहिलं? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. म्हणजे तिचे पावणेपाच तासांच्या वर आणि त्याचा दीड तास. आम्ही हे आकडे घरी वाचून दाखवले. काही घरी हसले, काही घरी चिडले. एका घरी सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘माझ्या वेळी कुणी मोजलं असतं तर!’ आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच नातवाला पाणी भरायला लावलं. आम्ही भांडण मागितलं नाही. प्रत्येकीनं घरातलं एकच काम निवडलं आणि ते सोडलं. कुणी संध्याकाळचं पाणी सोडलं, कुणी अंथरुणं घालणं. एकदम चार सोडली की घर बिथरतं. एक सोडलं की चार दिवस कुरकुर होते, मग कुणीतरी करतं.

आणि ‘नाही’ म्हणायचं कसं, हे आम्हाला शिकावं लागलं. जिभेला सवयच नव्हती. म्हणून बैठकीत एक गिऱ्हाईक होई, एक आपण, आणि सराव करायचो. हसून हसून पोट दुखायचं. तुम्हीही करा. वाक्यं सोपी आहेत. ‘दादा, उद्या होणार नाही, गुरुवारी सकाळी देते, चालेल का?’ ‘वहिनी, भाव एकच आहे, पण भाकरी मोडकी निघाली तर बदलून देते.’ ‘काका, सोमवारी बंद असतं, मंगळवारी नऊला फोन करा.’ कारणांचा पाढा वाचायचा नाही, माफी मागायची नाही, पुढचा दिवस सांगायचा. गोड बोलायचं आणि जागेवरून हलायचं नाही.

वहिनीचा हात बरा झाला आहे. तळहातावर डाग राहिलाय. थापताना ती आता मध्ये थांबते, हात पुसते, पाणी पिते, आणि तिला कुणी ‘चल लवकर’ म्हणत नाही. अध्यक्ष ताईंनी गट सोडला नाही. पद मात्र सोडलं, ते दर वर्षी फिरतं ठेवलंय. सोमवारी संध्याकाळी त्या आपल्या लेकीसाठी भाकरी करतात. मऊ, फुगलेली, लोणी लावून. आम्ही विचारलं, ‘सुट्टीच्या दिवशीही भाकरीच?’ तर म्हणाल्या, ‘ही मोजायची नसते गं.’

मैत्रिणींनो, आमचे नियम तुम्हाला जसेच्या तसे चालतील असं नाही. शेळ्या पाळणाऱ्या बाईला सोमवार बंद ठेवता येत नाही, शेळीला रोज खायला लागतं. शिलाईवालीचा हंगाम वेगळा, दूधवालीची वेळ वेगळी. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की वही मिटू नका. दहा मिनिटं आणखी बसा आणि प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा. गेल्या आठवड्यात तू किती तास झोपलीस? एका तासाच्या कामाला तुला किती रुपये पडले? आणि कुठल्या कामाला तुला ‘नाही’ म्हणायचं होतं, पण म्हणता आलं नाही?

उत्तरं वहीत लिहा. त्यातूनच तुमचा पहिला नियम निघेल. एकच करा, पण सगळ्यांच्या सह्या घ्या.

आमचं बोलणं संपलं. आज सोमवार नाही, तेव्हा आम्हाला चुलीकडे गेलं पाहिजे. सहा वाजता फोन डब्यात जाईल.